अस्तराचा हात

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. पहिलीपासून दहावीपर्यंत ‘मॅम, मे आय ड्रिंक वॉटर?’ विचारून पाणी प्यायलेली. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या, आणि नाही सापडल्या तर ते श्रेय आपल्या मराठी विभागाच्या मॅडमचं. दुसरी कबुली विषयाबद्दल. विषय आहे प्रायमर. तोंडाला लावायचा. (मुलांनो, पान उलटू नका. तुमच्या वर्कशॉपचा रेड ऑक्साईडही पुढे येणार आहे.)

गोष्ट यंदाच्या गॅदरिंगची. आमच्या मजल्यावर मुलींना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. पवनी, साकोली, लाखनी, दोन तुमसर (मोठी आणि छोटी), एक गोंदिया आणि मी. आमचा सात जणींचा कोळीनृत्याचा ग्रुप होता. आपल्या भंडाऱ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. आपल्याकडे आहेत ते तलाव आणि वैनगंगा. पण गॅदरिंगला कोळीनृत्य हवंच, त्याशिवाय गॅदरिंग झाल्यासारखं वाटत नाही!

मेकअपचं खातं गोंदियाकडे. तिने वर्गणी काढून नागपूरहून प्रायमरची एक ट्यूब आणली होती. माझ्यासाठी तर ती ट्यूब म्हणजे देवच. बारावीत गालांवर पिंपल्सनी जो धुमाकूळ घातला त्याचे खड्डे अजून आहेत. फोटोत मी नेहमी डावा गाल वळवून उभी असते, कारण उजव्यावर खड्डे जास्त. गोंदिया म्हणाली, ‘‘हे लाव, खड्डे गायब.’’ मी बोटावर घेतलं. रेशमासारखं मऊ, लावताच खरंच सगळं सपाट झाल्यासारखं दिसलं. सातही जणींनी भरपूर चोपडलं. त्यावर लगेच फाउंडेशन. आणि मग पावनीने... माफ करा, पवनीने आरशात बघून किंकाळी मारली.

फाउंडेशन चेहऱ्यावर बसेना. बोट फिरवलं की त्याच्या बारीक बारीक वळ्या निघायच्या. आंघोळ करताना मळ सुटतो ना, अगदी तशा. जितकं पसरवावं तितक्या वळ्या जास्त. सात जणींच्या सात तोंडांवर एकच प्रकार. आमच्या डान्सला चाळीस मिनिटं उरलेली. मोठी तुमसर रडायलाच लागली, त्यामुळे तिच्या तोंडावर वळ्या आणि ओघळ दोन्ही. कोणी म्हणे अजून लावा, कोणी म्हणे वरून पावडर थापा.

आणि मला कळत होतं की हे काय आहे. हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. भिंतीवर.

इथे थोडं थांबून घरचं सांगावं लागेल. माझे बाबा पेंटर आहेत. चित्रकार नव्हे, घरांना रंग देणारे. भिंती, दारं, खिडक्या, लोखंडी फाटकं. फर्स्ट इयरला इंट्रो देताना मी सांगितलं होतं, ‘‘फादर पेंटिंग कॉन्ट्रॅक्ट्स घेतात.’’ खोटं नाही, पण खरंही नाही. कॉन्ट्रॅक्ट दुसरा माणूस घेतो, बाबा त्याच्याकडे रोजीने जातात. आणि बाबांचा फोन आला की मी गच्चीवर जायची. रेंजचं कारण सांगून. खरं कारण असं की बाबा अस्सल झाडीबोली बोलतात. ‘पानी’, ‘कोनी’, ‘डोरा’. आणि त्यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडून आपोआप तेच निघतं. ‘एक्सलंट इंग्लिश’ अशी ख्याती असलेल्या मुलीला ते परवडत नव्हतं.

अजून एक सांगून टाकते. सातवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळेचं फाटक रंगवायचं काम बाबांना मिळालं होतं. मधल्या सुट्टीत मला ते दिसले, डोक्याला रुमाल बांधलेले, हातभर लाल डाग. मी मागच्या बाजूने वळसा घालून वर्गात गेले. त्यांनी मला पाहिलं की नाही ते मला आजही माहीत नाही. घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, डबा संपवलास का.

तर त्या दिवशी, चाळीसातली तीनेक मिनिटं मी नुसती उभी होते. मग फोन काढला. हात फाउंडेशनने बरबटलेले, फोन कानाला लावता येईना. म्हणून स्पीकरवर टाकला. (खरं सांगायचं तर हात पुसता आले असते.)

‘‘हां बोल माय. जेवलीस का?’’

‘‘बाबा, जेवाचं रायू द्या. एक सांगा, रंग मारला अन् त्याच्या वऱ्या निघून रायल्या, तर काहून निघतात?’’

‘‘खाली का लावलं होतं?’’

बघा, बाबांचा पहिला प्रश्न हाच. कुठला रंग, किती रुपयांचा, काही नाही. खाली काय होतं.

‘‘प्रायमर.’’

‘‘कायच्यावर मारून रायलीस? फाटकावर?’’

‘‘तोंडावर.’’

फोनवर शांतता. मग बाबा एवढे हसले की छोटी तुमसरपण हसायला लागली. पण हसू आवरल्यावर ते अगदी कामाच्या आवाजात बोलले, मालकाशी बोलतात तसे. ‘‘तेलातला का पान्यातला? अन् वरचा माल कायच्यातला? वारू देलं होतं का? किती येर?’’

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. वाळू वगैरे कोणीच दिलं नव्हतं. गोंदियाने ट्यूब उलटून मागची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली. डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्झेन... म्हणजे सिलिकोन. फाउंडेशनच्या बाटलीवर पहिलं नाव पाणी, दुसरं ग्लिसरीन, सिलिकोनचा पत्ताच नाही.

‘‘मंग पोपडे निघनारच ना बाई,’’ बाबा म्हणाले. ‘‘दोघाईची जात येगरी. त्यात जाड थापलं, त्यात ओल्यावर दुसरा हात. आता वरून कितीई मारा, बसनार नाही. सगरं खरवडून काढा. धुवा, कोरडं करा, पातर हात द्या, वारू द्या, मंग वरचा माल. अन् घासू नका, टिपा.’’

आम्ही सगळं धुतलं. सिलिकोन नुसत्या पाण्याने निघत नाही, म्हणून आधी खोबरेल, मग फेसवॉश. प्रायमरला सुट्टी. लाखनीकडे कोरफडीची साधी जेल होती, पाण्यातली, तीच अस्तर म्हणून वाटाण्याएवढी लावली आणि तब्बल पाच मिनिटं सात जणी पंख्याखाली पुतळ्यासारख्या बसलो. जानेवारीच्या थंडीत पंखा! मग फाउंडेशन बोटांनी टिपून टिपून. बसलं. माझे खड्डे थोडे दिसत होते, पण स्टेजच्या लाईटमध्ये कोण बघतंय.

नंतर मी हे सगळं नीट वाचून काढलं, कारण मेकॅनिकलवाल्यांना कारण कळल्याशिवाय झोप येत नाही. (व्हायवात येते, तो भाग वेगळा.) फर्स्ट इयरच्या फिजिक्समधला सरफेस टेन्शनचा धडा आठवतो? पाण्याचं पृष्ठताण मीटरला साधारण ७२ मिलिन्यूटन, आणि सिलिकोनच्या थराची पृष्ठऊर्जा जेमतेम २० च्या आसपास. त्यामुळे पाणी सिलिकोनवर पसरत नाही, थेंब गोळा करून बसतं. पाण्यातलं फाउंडेशन सिलिकोनच्या जाड थरावर टाकून घासलं की खालचा थरही उखडतो आणि दोन्ही मिळून वळ्या होतात. पेंटर लोक हेच ‘जात वेगळी’ म्हणतात. जुन्या चुन्याच्या भिंतीवर न खरवडता ऑईल पेंट मारला की वर्षभरात पोपडे सुटतात, त्यातली गोष्ट याहून फार निराळी नाही.

प्रायमर खड्डे भरून काढतो हेही अर्धंच खरं. बाबांच्या भाषेत ती ‘लांबी’, म्हणजे भेगा भरायची पुट्टी. सिलिकोन बारीक छिद्रांवर सपाट थर करतं आणि उजेड पसरवून देतं, त्यामुळे सावल्या कमी दिसतात. बारीक छिद्रं लपतात. माझ्यासारखे खोल खड्डे लपत नाहीत, उलट जास्त लावलं तर त्यात माल साचून उठून दिसतात. हे मला त्या ट्यूबच्या जाहिरातीने नाही, बाबांनी सांगितलं. भिंतीला पोचा असेल तर रंगाने तो जात नाही, रंग चकचकीत असला तर दुप्पट दिसतो.

मग घ्यायचा कसा? मागची अक्षरं वाचून. पहिल्या चार-पाच नावांत ‘-कोन’ किंवा ‘-सिलॉक्झेन’ने संपणारी नावं असतील तर तो सिलिकोनचा, मग फाउंडेशनही त्याच जातीचं बघायचं. हा अगदी पक्का कायदा नाही, काही बाटल्यांत दोन्ही असतं, म्हणून आधी हाताच्या मागच्या बाजूला दोन्ही लावून पाच मिनिटं थांबायचं. तेलकट त्वचेला सिलिका असलेला मॅट, कोरडीला ग्लिसरीनवाला. लाली फार असेल तर हिरवट झाकेचा मिळतो, लालच्या विरुद्ध रंग हिरवा, एवढीच युक्ती. पिंपल्सवालींनी छिद्रं न बुजवणारा आहे का ते बघावं आणि रात्री तो पूर्ण काढल्याशिवाय झोपू नये. सनस्क्रीन आधी, ते मुरल्यावर प्रायमर. प्रायमरवर एसपीएफ लिहिलंय म्हणून सनस्क्रीनला सुट्टी देऊ नका, आपण प्रायमर लावतो वाटाण्याएवढा आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस गाठतो. आणि सात जणींत एकच ट्यूब वापरायची असेल तर बोट ट्यूबच्या तोंडाला लावू नये, हे आम्हाला नंतर सुचलं.

हे प्रकरण मी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘त्यात का नवं? आमी स्नो लावत होतो.’’ खरंच की! स्नो-पावडर हा शब्द आपण जोडीनेच ऐकलाय. आधी स्नो, मग पावडर, कारण नुसती पावडर तोंडावर टिकत नाही. मुंबईच्या पाटणवालांनी १९१९ साली ‘अफगाण स्नो’ काढला, तो पुढे घरोघरी पोचला. ही सगळी स्टिअरिक ॲसिडची व्हॅनिशिंग क्रीम. चोळली की दिसेनाशी होतात आणि मागे पातळसा कोरडा थर राहतो, त्यावर पावडर धरते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा प्रायमरच झाला, फक्त नाव बर्फाचं.

आणि आजीचा भाऊ तर त्याहून पुढचा. तो लाखांदूरकडच्या मंडईत दंडारीत नाचायचा, बाईच्या पार्टात. दंडारीत तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते तेव्हा रात्रभर नाचायचं, घाम पुसायला वेळ नाही. तो आधी खोबरेल तेलाचा पातळ हात द्यायचा, तो जिरू द्यायचा, जादाचं फडक्याने टिपायचा आणि मग झिंकची पांढरी पावडर आणि पिवडी लावायचा. पहाटेपर्यंत रंग हलायचा नाही म्हणे. आता वडसा-देसाईगंजहून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत बायकांची कामं बायकाच करतात, रंगभूषेचं सामानही बदललं. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आजीने भावाची आठवण काढली होती. त्यातला रंगाचा भाग मी यंदा प्रथमच ऐकला, कारण प्रथमच विचारला.

गॅदरिंगमध्ये आमचा नंबर आला नाही. पहिला नंबर मुलांच्या एकपात्रीला गेला, आणि त्याने तर मेकअपच केला नव्हता.

त्या रात्री मेसमध्ये पवनीने विचारलं, ‘‘तुझे बाबा कॉन्ट्रॅक्टर ना गं?’’ मी म्हटलं, ‘‘नाही. पेंटर. रोजीने जातात.’’ ती ‘‘अच्छा’’ म्हणाली आणि वरणाचं भांडं पुढे सरकवलं. दोन वर्षं मी ज्या प्रश्नाला घाबरत होते तो एवढ्यातच संपला. थोडी चिडच आली मला.

आता फोन खोलीतच घेते. मुली मधेच ओरडून बाबांना शंका विचारतात. साकोलीची लोखंडी कॉट गंजली होती, बाबांनी सांगितलं तसा तिने गंज घासून रेड ऑक्साईडचा हात दिला, वॉर्डनची परवानगी काढून. गोंदियाने नवीन प्रायमर आणलाय, या वेळी पाण्यातला. परवा तो लावून मी फोटो काढला, उजव्या गालाचा, आणि बाबांना पाठवला. अर्ध्या तासाने उत्तर आलं, कामावरून सुटल्यावर बघितला असणार.

‘नाकाच्या बाजूले ओल आहे. वारू दे.’