फक्त २७ हजार किलोमीटर

‘वापरलेली गाडी घेताना घ्यायची काळजी : दहा मुद्दे’ असा विषय संपादकांनी दिला होता. दहा मुद्द्यांत हे मावणार नाही, असं मी फोनवर सांगितलं. ‘मग एकाच गाडीवर लिहा, पण वाचकांना कळेल असं,’ ते म्हणाले. पहिली अट पाळतो. दुसरीची हमी देत नाही.

मी पुण्यात लोकांना वापरलेल्या गाड्या तपासून देतो. विकत नाही, दलाली घेत नाही. गाडी चांगली निघो की वाईट, माझी फी तीच. सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे वेगवान हॅचबॅक शोधणारं. वय तिशीच्या आत-बाहेर, खिशात सहा-सात लाख आणि कॉलेजपासून मनात बसलेली एक गाडी. तेवढ्या पैशांत वॉरंटीसकट नवी कोरी साधी गाडी येते. पण त्याला हवी असते पोलो जीटी टीएसआय, नाहीतर अबार्थ पुंटो, गेलाबाजार बलेनो आरएस. तिन्हींचं उत्पादन बंद झालं. पोलो चाकणला बनायची, पुंटो रांजणगावला, त्यामुळे आमच्याकडे हे वेड अंमळ जास्तच. मीही त्यातून सुटलेलो नाही. २०१५ साली दहा लाखांच्या आत १४५ पीएसची हॅचबॅक मिळत होती, हे आजही कुणाला सांगताना माझा आवाज चढतो.

गेल्या पावसाळ्यातलं एक प्रकरण मात्र अजून डोक्यातून जात नाही. २०१५ची पोलो जीटी टीएसआय. पहिला मालक, सगळी सर्व्हिस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, मीटरवर २७ हजार. विकणारे निवृत्त गृहस्थ. गाडी मुलाची, तो आता परदेशी. रंग मूळचा, टायरांची झीज सारखी, काचांवरची सालं जुळणारी. मी गिअरबॉक्सचा संगणक वाचला, तर पहिला क्लच जवळजवळ संपत आलेला. तसं अहवालात लिहिलं. काका भडकले. ‘म्हणजे आम्ही मीटर मागे फिरवलाय?’ मीटर खरा होता. गाडीत बिघाडाची नोंद होते तेव्हा त्या वेळचे किलोमीटरही शेजारी नोंदले जातात आणि मीटर फिरवणारे बहुतेकदा तिकडे हात लावत नाहीत. इथे सगळ्या जुन्या नोंदी मीटरशी जुळत होत्या. काका खरं बोलत होते आणि क्लचही खरा संपला होता. घेणाऱ्या मुलाला यातलं पहिलं वाक्य ऐकूच गेलं नाही. व्यवहार मोडला, आणि एक सरळ माणूस दोन परक्यांपुढे लबाड ठरला.

हे कसं होतं ते सांगायला थोडं आत शिरावं लागेल. २०१३ साली आलेल्या या मॉडेलमध्ये १.२ लिटरचं टर्बो इंजिन होतं, १०५ पीएसचं, आणि त्याला जोडलेला सात गिअरचा डीएसजी. या गिअरबॉक्सला दोन क्लच असतात. पहिला सांभाळतो १, ३, ५, ७. दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. तुम्ही दुसऱ्यात असता तेव्हा तिसरा आधीच लागून तयार असतो, म्हणून गिअर इतके झटपट पडतात. मात्र हे क्लच कोरडे आहेत. त्यांना थंड ठेवायला तेल नाही. एकदा क्लच पूर्ण धरला की झीज जवळपास शून्य. झीज होते ती सुटताना, अर्धवट धरलेल्या अवस्थेत. हिंजवडीच्या रांगेत ब्रेकवरचा पाय किंचित उचलून गाडी इंचाइंचाने सरकवत न्यायची, तेव्हा पहिला क्लच सतत त्याच अवस्थेत असतो आणि तापतो. तळघरातल्या पार्किंगमधून रोज रिव्हर्समध्ये चढ चढत असाल, तर तोच न्याय दुसऱ्या क्लचला.

आता हिशोब करा. त्या पोलोच्या पडद्यावर सरासरी वेग ताशी १४ होता. तोच पूर्ण आयुष्याला धरला तर २७ हजार किलोमीटर म्हणजे १,९०० तासांहून जास्त. त्याच महिन्यात कोल्हापूरच्या रस्त्यावर धावलेली ९२ हजारांची दुसरी जीटी पाहिली. सरासरी ५५ धरली तर जेमतेम १,७०० तास. तिचे क्लच ठणठणीत होते. तरी ९२ हजार ऐकून आधी तिघांनी ती न बघताच नाकारली होती! ‘किती धावली? अ‍ॅव्हरेज किती? सिंगल ओनर ना?’ या तीन प्रश्नांपुढे आपला समाज जात नाही. जाहिरातीत ‘डॉक्टरांची गाडी’ असं लिहिलं की भाव वाढतो. दवाखाना भर पेठेत असला तर तो कमी व्हायला हवा.

‘डीएसजी म्हणजे डोकेदुखी’ हेही असंच एक सरसकट वाक्य. ते निराधार नाही. याच गिअरबॉक्सच्या तक्रारींवरून २०१३ साली फोक्सवॅगनला चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याचा मेंदू आणि हायड्रॉलिक पंप एकाच खोक्यात असतात, त्याला मेकॅट्रॉनिक म्हणतात. ते गेलं की खर्च लाखांत जातो आणि कधी जाईल हे क्लचच्या झिजेसारखं आकड्यांत दिसत नाही. तिथे माझं ज्ञान संपतं आणि गिऱ्हाईकाचं नशीब सुरू होतं. पण बाकीचं बरंचसं चालवणाऱ्याच्या हातात, खरं तर पायात असतं. रांगेत पुढे पुरेशी जागा झाल्यावरच हला, थांबलात की ब्रेक पूर्ण दाबा, चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. हे मी सांगितलं की लोक म्हणतात, ‘मग ऑटोमॅटिक कशाला घेतली?’ याला माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरी भानगड रिमॅपची. इंजिनच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून वीस-पंचवीस टक्के ताकद वाढवायची, दोन वर्षं मजा करायची आणि विकताना मूळ प्रोग्रॅम परत टाकायचा. फोक्सवॅगनच्या गाड्यांत प्रोग्रॅम किती वेळा लिहिला गेला त्याची मोजणी संगणकात राहते. पण वर्कशॉपनं अधिकृत अपडेट टाकला तरी ती वाढते. म्हणून नुसत्या आकड्यावरून मी कुणाला गुन्हेगार ठरवत नाही. सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहतो. हल्ली तीनशे रुपयांचं यंत्र मोबाइलला जोडून स्वतःच ‘स्कॅन’ करणारे भेटतात. त्यात बिघाडाचा एकही कोड दिसला नाही की गाडी निरोगी! कोड पुसायला त्याच यंत्रावर एक बटण असतं, हे मात्र त्यांच्या ध्यानात येत नाही.

अबार्थमध्ये साधा पाच गिअरचा मॅन्युअल आहे, त्यामुळे ही पीडा नाही. तिथे अडचण सुट्या भागांची. खास तिच्याच भागांसाठी वाट पाहायची तयारी नसेल, तर रोजची एकमेव गाडी म्हणून ती घेऊ नका.

तर माझा निकाल. किलोमीटरपेक्षा गाडी कुठे आणि कशी धावली ते विचारा. तपासणी इंजिन थंड असताना करा. विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. अहवालात क्लचची झीज दिसली, तर विकणाऱ्याला चोर ठरवू नका, भाव कमी करून मागा. डीएसजीवाली जीटी घेताना किमतीखेरीज दोन लाख वेगळे राहत असतील तरच घ्या. राहत नसतील तर २०२० नंतरची १.० टीएसआय पोलो पाहा. तिच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे, मॅन्युअलही मिळते आणि ताकद ११० पीएस, म्हणजे जुन्या जीटीपेक्षा पाचाने जास्तच.