पाळकाच्या घरातले शिक्षण

ख्रिस्ती पाळकाच्या मुलांचे धर्मशिक्षण घरात सुरू होते. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये लघु प्रश्नोत्तरावली लिहिली, ती कुटुंबप्रमुखांना डोळ्यांसमोर ठेवून. घरच्यांना श्रद्धेची ओळख त्यांनी साध्या शब्दांत करून द्यावी, ही त्यामागची अपेक्षा. पाळकाला नेमके हेच अवघड जाते. कौटुंबिक उपासनेच्या वेळी तो कुणा आजाऱ्याकडे, प्रार्थनासभेत किंवा दुःखवट्याच्या घरी असतो. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मुलांना शिकवणारा बाप स्वतःच्या मुलांच्या वाट्याला कमी येतो, आणि ती उणीव बहुधा त्यांची आई भरून काढते. त्यात बदल्या: मूल एका शाळेत रुळते तोच दुसऱ्या गावाची नेमणूक येते. मंडळ्यांच्या कारभारात या प्रश्नाला अजून पुरेशी जागा नाही.

घरानंतर शब्बाथ शाळा, म्हणजे मंडळीची रविवारची शाळा. रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर येथे रविवारच्या शाळा सुरू केल्या, त्या आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना वाचायला शिकवण्यासाठी. तिथे बायबल हेच वाचनाचे पुस्तक होते. आज बऱ्याच ठिकाणी शब्बाथ शाळा गाणी आणि पाठांतरावर थांबते. वाचन मागे पडले, हे तिचे मोठेच नुकसान आहे.

मिशनच्या शाळांविषयी गैरसमज फार. तिथे प्रत्येक मुलाला ख्रिस्ती धर्म शिकवतात, असे सर्रास मानले जाते. पण संविधानाच्या कलम २८ नुसार मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत मुलाच्या पालकांच्या संमतीशिवाय त्याला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. या शाळांचे खरे काम वेगळेच आहे, ते मुलींच्या शिक्षणाचे. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींना शिकवले. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि १८४८ मध्ये पुण्यात फुल्यांची मुलींची शाळा निघाली. मराठी ख्रिस्ती समाजाने हा वारसा अभिमानाने सांगावा.

खरा वाद शाळेच्या माध्यमाचा आहे. पाळकही मुलांना इंग्रजी शाळेत घालतात; नोकरीची चिंता त्यांनाही असतेच, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. परंतु मराठी मंडळी उभी राहिली ती मराठी वाचणाऱ्यांवर. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरला निघाले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणले, अल्पशिक्षित स्त्रियांनाही ते समजावे म्हणून. छपाईच्या कामाला मिशनमधल्याच स्त्रिया-मुली होत्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणाने भक्तिगीते रचली, ती आजही उपासनेत गातात. देवनागरी अडखळत वाचणारे मूल ती गीते ऐकून गाईल, पण त्यांतला शब्द सुटा करून त्याचा अर्थ विचारणार नाही. इथे केवळ भाषा जात नाही, मुलाचा प्रश्न विचारण्याचा अधिकार जातो. उपदेश मराठीत, मुलाचा विचार इंग्रजीत, अशी फारकत झाली की ते तरुणपणी मंडळीपासून दूर जाण्याची भीती आहे. यावर निव्वळ मराठी शाळांचा आग्रह पुरेल का, याची शंका वाटते. त्या शाळाच अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांवाचून बंद पडत आहेत.

तरी घर हाती आहे. शाळा कोणत्याही माध्यमाची असो, पाळकांनी आणि इतर पालकांनीही घरातला वचनपाठ मराठीतून ठेवावा, आणि तो मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा.