पहिल्या रांगेतल्या खुर्च्या

आमचे दरेकसा नकाशात शोधायचे तर मुंबई-हावडा रेल्वेची रेघ धरून यावे. जवळच बोगदा, भोवती जंगल, पलीकडे लगेच छत्तीसगड. या भागातून जे सैन्यात गेले ते याच गाडीने गेले आणि नोकरी संपल्यावर पत्र्याची पेटी घेऊन याच गाडीने परतले. त्यांना उतरवून घ्यायला फलाटावर बँड नव्हता.

आता मात्र २६ जानेवारीला आपण त्यांचा सत्कार करतो. अशाच एका समारंभात मी स्वयंसेविका होते. माझ्याकडे खुर्च्यांचे काम! पहिल्या रांगेत तीन माजी सैनिक बसले होते. १९७१ साली जो वीस वर्षांचा होता, तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. ऊन चढत होते आणि भाषणे तर आपल्याकडे लांबतातच. शाल, श्रीफळ, फोटो. प्रत्येकाच्या वाट्याला एखादे मिनिट आले असेल. निवेदकाने 'अनेक पदकांचे मानकरी' म्हटले. कोणती पदके, हे कुणी विचारलेच नव्हते.

मग मुलांचे संचलन सुरू झाले. पाहते तो आमच्या वस्तीतल्या बाबांचे पाय खुर्चीखाली चालत होते. डावा, उजवा, डावा. 'दाहिने देख' ऐकताच काठी टेकवून ठेवून ते उठले आणि शेवटची तुकडी पुढे जाईपर्यंत त्यांचा सलामीचा हात खाली आला नाही. शेजारचे पाहुणे 'बसा, बसा' म्हणत होते. आपुलकीनेच म्हणत होते.

परतताना मी पदकांविषयी विचारले. बाबा वाटेतच थांबले. "हा पूर्वी स्टार. पूर्वेकडं लढाईत होतो म्हून. अन् हे संग्राम मेडल." ३ डिसेंबरला पेटलेले ते युद्ध १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या शरणागतीने संपले, ९३ हजार युद्धकैदी झाले, हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. बाबांनी त्यातले काहीच सांगितले नाही. रात्री नदी ओलांडल्यावर दोन दिवस पायांत ओले मोजे होते आणि पुढचा गडी परत आला नाही, एवढेच म्हणाले. त्याचे नाव मी विचारले. त्यांनी पदक नीट केले आणि चालू लागले.

थोड्या वेळाने स्वतःच बोलले, "पोट्टे बरे चालले, पन हात खांद्यापावत नाही गेले. अन् बाई, बसवून सत्कार बुढ्याईचा होते. मी शिपाई आहो."

दिल्लीच्या संचलनात परमवीर चक्राचे मानकरी जीपमधून अग्रभागी जातात आणि राष्ट्रपतींना सलामी देतात. तेथे ते संचलनाचे असतात; आपण त्यांना प्रेक्षक करून ठेवतो. २०२१ साली त्याच मार्गावरून बांगलादेशाचे १२२ जवान चालले. ते दृश्य बाबांनी नातवाच्या मोबाईलवर तीनदा पाहिले होते.

यंदा आम्ही विद्यार्थ्यांनी आयोजकांना सुचवले आहे की मुलांच्या पुढे माजी सैनिकांनी चालावे, ज्याला जमेल तेवढे. शाल नंतर, आणि खुर्च्या सावलीत. "कुणी पडले तर?" असे त्यांनी विचारले. शंका खोटी नाही. मी ती बाबांच्या कानावर घातली.

"दोन पोट्टे बाजूले ठेवा," ते म्हणाले. "कदम मात्र माह्या हिशेबानं."