मनोऱ्यावरून उतरलेली घंटा

वसईच्या किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आजही उभा आहे. त्याच्या माथ्यावर घंटा नाही. इकडे सातारा जिल्ह्यात, वाईजवळच्या मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळाशेजारी एका लहानशा मंडपात घंटा आहे. तिला मनोरा नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर तेथील चर्चमधून उतरवून घाटावर आणल्या गेलेल्या घंटांपैकी ही एक. वजन सुमारे ६५० किलो. अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे वर्ष. औरंगजेब ज्या वर्षी मेला आणि शाहूमहाराज ज्या वर्षी मोगलांच्या कैदेतून सुटले, त्याच वर्षीची ही घंटा आहे.

'स्वदेस' चित्रपटामुळे हा घाट अनेकांच्या ओळखीचा झाला. घंटेपाशी आलेल्या मंडळींचे बोलणे आम्ही ऐकले आहे. त्यात दोनच वाचने आढळतात. एक म्हणते, हे विजयचिन्ह. दुसरे म्हणते, ही सहिष्णुता. पाहा, मेरीची मूर्ती कोणी घासून काढली नाही. दोन्ही वाचनांना आधार आहे. पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षांच्या अमलात वसई प्रांतात देवळे पाडली गेली, धर्माच्या नावाने छळ झाला. त्या पार्श्वभूमीवर हत्तीवर लादून नेलेल्या घंटेचा अर्थ तेव्हाच्या माणसाला समजावून सांगावा लागला नसेल. आणि मूर्ती शाबूत आहे, हेही डोळ्यांना दिसतेच.

परंतु दोन्ही वाचने घंटेला एकाच क्षणी गोठवतात. लुटीच्या वेळी नाना फडणविसांचा जन्मही झाला नव्हता. ते १७४२ चे, साताऱ्याचे. मेणवली त्यांना औंधचे भवानराव प्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून १७६८ साली मिळाली. वाडा, घाट, देवळे ही त्यानंतरची. म्हणजे घंटा येथे टांगली गेली ती जिंकणाऱ्यांच्या पुढच्या पिढीत. तोवर तिच्यातील युद्ध निवले होते आणि नाद मात्र कायम होता.

याच काळात अन्यत्र काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. १७७७ साली फिलाडेल्फियातील प्रसिद्ध घंटा अमेरिकन क्रांतिकारकांनी ॲलनटाउनला नेऊन लपवली. इंग्रज ती वितळवून तोफा ओततील, ही धास्ती. फ्रान्समध्ये २३ जुलै १७९३ च्या फर्मानाने प्रत्येक पॅरिशला एकच घंटा ठेवली. बाकीच्या तोफांच्या ओतशाळेकडे गेल्या. तोफ आणि घंटा यांची धातू जवळपास एकच, तांबे आणि कथील. पेशवाईलाही तोफांची गरज काही कमी नव्हती. तरीही वसईच्या कित्येक घंटा घंटाच राहिल्या: भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकला. नाशिकची 'नारोशंकराची घंटा' तर आपल्या बोलण्यातही रुजली.

मात्र घंटा राहिली, तरी तिचे व्याकरण बदलले. चर्चची घंटा उंचावर असते. दोर ओढणारा एक आणि ऐकणारे सारे गाव. ती माणसांना बोलावते. देवळाची घंटा हाताच्या टप्प्यात असते. येणारा प्रत्येक जण ती स्वतः वाजवतो आणि आपण आल्याचे देवाला कळवतो. मनोऱ्यावरून मंडपात उतरताना वाजवणारा, ऐकणारा आणि संबोधनाची दिशा, तिन्ही बदलले. शब्द तोच राहून वाक्य बदलले की अर्थ कसा फिरतो, हे वर्गात शिकवताना आम्हांला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

या उदाहरणात एक पात्र मात्र बहुधा गाळले जाते: ज्यांच्या कानावरून ती घंटा गेली ते. पोर्तुगीज सैन्य निघून गेले. वसईचे ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी तेथेच राहिले. त्यांची बोली मराठीचीच. त्यांच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या धर्मावरून त्यांच्या निवडीला विरोध झाला. संत तुकारामांवर प्रेम करणारा, 'सुबोध बायबल' मराठीत आणणारा हा लेखक २०२४ मध्ये गेला. विरोध करणाऱ्यांच्या मनात बहुधा असे होते की चर्चचा आवाज तो परका आवाज. मेणवलीच्या पंचक्रोशीत तर तोच आवाज अडीचशे वर्षे देवळाचा म्हणून ऐकला जात आहे.

म्हणून विजयचिन्ह की सहिष्णुता, या प्रश्नाच्या उत्तरापुरते विद्यार्थ्यांनी थांबू नये, असे आम्हांला वाटते. लूट ही लूटच होती आणि जपणूकही खरी होती. एकाने दुसरी खोडली जात नाही. विचारायचे ते हे की, जे ऐकू येते आहे ते याआधी कोणासाठी होते. वसईचा रिकामा मनोरा मेणवलीच्या घंटेबरोबर वाचला, तरच त्या प्रश्नाला हात घालता येईल.