तिसरी पिन

शांतता ही फुकट मिळणारी वस्तू नव्हे, हे स्वतःच्या हाताने ॲम्प्लिफायर जुळविणाऱ्यास लवकरच कळून येते. बाजारातून आणलेल्या यंत्राची शांतता आपण गृहीत धरतो. घरी बांधलेल्या यंत्राची मात्र शोधून काढावी लागते.

मी कलाशाखेची पदवीधर. वर्गात मराठी आणि इतिहास शिकविणे हा माझा व्यवसाय. तरीही गेल्या सुट्टीत सुटे भाग आणून, पत्र्याच्या एका पेटीत मी हे यंत्र उभे केले, त्याला कारण माझे वडील. वयाबरोबर त्यांचे कान मंदावत चालले आहेत, आणि ज्या गाण्याच्या सोबतीने त्यांचे आयुष्य गेले ते गाणेच त्यांच्यापासून दूर सरकू लागले आहे. त्यांना ऐकावयाची होती केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची एक भैरवी. फोंडा तालुक्यातील केरी गावच्या या थोर गायिकेची ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतील सुवर्ण-तबकडीवरून अंतराळात गेली. आमच्या घरी मात्र ती लॅपटॉपमध्ये होती, आणि बाबांच्या कानांपर्यंतचे दोन हातांचे अंतर तिला ओलांडवेना. कारण गाण्याआधीच एक जड, न थांबणारी घूं घूं खोलीभर पसरली. बाबा शांतपणे म्हणाले, "आवाज येता, पूण गाणें खंय गेलें?" आवाज येतो आहे, पण गाणे कोठे गेले? आवाज वाढवावा, तर घूं घूंही तितकीच वाढे.

अशा वेळी चडफडून उपयोग नसतो. ज्या आवाजाचा त्रास होतो तोच आधी नीट ऐकावा लागतो. आपल्याकडील घरगुती वीज एका सेकंदात ५० आवर्तने घेते. तिचा थेट शिरकाव झाला तर घूं घूं त्याच खालच्या स्वरात येते. वीज एकदिश करणाऱ्या भागातील कपॅसिटर निकामी झाला असेल, तर बहुधा १०० आवर्तनांचा, म्हणजे एक सप्तक वरचा, स्वर घुमतो. गाणे जाणणाऱ्याला हा फरक यंत्रावाचूनही ओळखता येतो. बाबांनी क्षणभर कान दिला आणि हाताने खूण केली : खालचा.

पुढचे काम वाटा एकेक करून बंद करण्याचे. आवाजाचे बटण शून्यावर आणले. घूं घूं नाहीशी झाली. म्हणजे तिचा उगम बटणाच्या अलीकडे होता. लॅपटॉपकडून येणारी वायर काढली, तेव्हाही शांत. वायर पुन्हा जोडली, परंतु लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढून तो बॅटरीवर चालविला, तरीही शांत! चार्जर लावताच घूं घूं परत हजर. मोठी चमत्कारिक गोष्ट. लॅपटॉप निर्दोष, ॲम्प्लिफायरही निर्दोष. दोष होता तो दोघांच्या नात्यात. दोघांनाही आपापल्या तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीशी जोडलेले होते. त्यात ध्वनीच्या वायरीवरील जाळीने त्यांना आणखी एकदा जोडले आणि एक वर्तुळ पुरे झाले. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये विजेचा जो किंचित फरक असतो, त्याने या वर्तुळातून बारीकसा प्रवाह वाहू लागतो. यंत्र बिचारे त्यालाच गाणे समजून मोठे करते.

एका परिचिताने यावर तत्काळ उपाय सांगितला : "ॲम्प्लिफायरची तिसरी पिन काढून टाका. लगेच शांत होईल." विद्यार्थिमित्रांनो, हा निबंध मी लिहिला आहे तो या एका वाक्यासाठी. तसे केल्याने घूं घूं खरोखरच थांबते. म्हणूनच तो सल्ला घातक आहे. ती जाडसर पिन पत्र्याच्या पेटीला जमिनीशी जोडून ठेवते. आतील २३० व्होल्टची तार कधी सुटून पत्र्याला लागली, तर वीज त्या वाटेने जमिनीत उतरते आणि फ्यूज जातो. पिन काढली की ती वाट मोडते, आणि पुढे पेटीला ज्याचा हात लागेल त्याचे शरीर तिची वाट होऊ शकते. आमच्या घरी त्या पेटीला सर्वांत आधी हात लागला असता तो बाबांचा.

म्हणून दुसरा मार्ग धरला. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर शेजारी लावले. घूं घूं बरीच उतरली. मग ध्वनीच्या वायरीत एक लहानसा विलगक ट्रान्सफॉर्मर बसविला. त्यातील दोन वेटोळी एकमेकांना तारेने जोडलेली नसतात; गाणे चुंबकत्वाच्या बळावर पलीकडे जाते आणि ते नको असलेले वर्तुळ तुटते. अर्थिंग जेथल्या तेथे राहिले. त्या संध्याकाळी बाबांनी ती भैरवी तीनदा ऐकली. तिसऱ्या वेळी आवाज कमी करण्यास त्यांनीच सांगितले.

आता काहीच उरले नाही असे मात्र नव्हे. पेटीला कान लावला तर एक बारीक सरसर ऐकू येते. तारांतील व भागांतील इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत हालत असतात, त्याचाही एक आवाज असतो. जॉन्सनने तो मोजला व नायक्विस्टने त्याचा हिशेब मांडला. दोघांचे लेख १९२८ साली प्रसिद्ध झाले. उष्णता आहे तोवर ही सरसर राहणारच. गाण्यामागे जुन्या तबकडीची खरखर आहे, तीही मी ठेवली. ती पुसू गेल्यास केसरबाईंच्या आवाजाची धारही बोथट होण्याचे भय.

सारेच आवाज सारखे नसतात. काही सोसावे, काही मुळाशी जाऊन दूर करावे. परंतु शांततेच्या घाईत, जी पिन आपल्याला सांभाळते तिला कधी हात लावू नये.