पंचाची टोपी



आमच्या धर्मग्रामाच्या शाळेतील मुली गेली कित्येक वर्षे सॉफ्टबॉल खेळत आहेत, आणि त्यांच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहण्याचे काम आमच्याकडे चालत आले आहे. वेदीपाशी दिसणारा धर्मगुरू मैदानात लोखंडी जाळीचा मुखवटा चढवून वाकलेला पाहून वृद्ध मंडळींस प्रथम मौज वाटे. आता त्यांस त्याची सवय झाली आहे. परंतु पंचाच्या टोपीची व गणवेशाची निगा कशी राखावी हे आम्ही कोणाकडून आणि कोणत्या प्रसंगाने शिकलो, ती हकीगत आजवर आम्ही कोठे सांगितली नव्हती. ती सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण तीत दोष आमचा आहे.

ज्या घरांत हा खेळ पोहोचलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. सॉफ्टबॉल १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात जन्मास आला. बाहेर थंडी असल्यामुळे एका बोट क्लबच्या दालनात तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने बांधून त्याचाच चेंडू केला, अशी त्याची जन्मकथा आहे. आपल्या देशात त्याची राष्ट्रीय संघटना १९६१ साली स्थापन झाली. होमप्लेट म्हणून जी पांढरी पाटी जमिनीत बसविलेली असते, तिची रुंदी १७ इंच. फेकलेला चेंडू तिच्यावरून गेला की बाजूने, हे कॅचरच्या मागे वाकून पाहणे हे मुख्य पंचाचे काम. मुलींच्या पायांनी ती पाटी मातीखाली गेली की खिशातील लहान ब्रशाने ती झाडून स्वच्छ करणेही त्याच्याकडेच.

या पंचाची टोपी आखूड झापडीची असते. झापड लांब असेल तर मुखवटा काढताना टोपीही त्याबरोबर खाली येते. मुखवटा डाव्या हाताने काढावयाचा, म्हणजे निर्णयाची खूण करण्यास उजवा हात मोकळा राहतो. आमची टोपी गडद निळ्या लोकरीची होती. एका वयोवृद्ध पंचांनी मैदानाचा निरोप घेताना ती आपल्या डोक्यावरून काढून आमच्या हाती दिली होती. तिच्यावर आमचा जीव होता, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

वेदीवरील वस्त्रांची व्यवस्था आमच्याकडे एक विधवा बाई पाहतात. सारे धर्मग्राम त्यांना मावशी म्हणते, आम्हीही म्हणतो. पवित्र प्याला पुसण्याचे रुमाल प्रथम आम्ही स्वतः खळबळतो, ते पाणी जमिनीत जिरू देतो, आणि मग ते रुमाल मावशींच्या हाती जातात. आमचा पंचाचा गणवेशही त्या आपण होऊन धूत असत. ‘फादर, तोही सेवेचाच कपडा,’ असे त्या म्हणत.

२०१८ सालच्या जुलैमधील गोष्ट. शनिवारी पावसाच्या सरींतून सामना आटोपून आम्ही परतलो आणि चिखलाने भरलेली टोपी व शर्ट मागील पडवीत टाकून एका आजाऱ्याच्या घरी गेलो. सायंकाळी परत येऊन पाहतो तो मावशी पडवीत बसलेल्या, समोर पालथा तांब्या, आणि त्यावर त्या आमची टोपी ओढून बसवू पाहत होत्या. टोपी आटून लहान झाली होती, झापड वाकडी झाली होती. शेजारी वाफाळणारी बादली होती. आम्ही क्षणभरही थांबलो नाही. ‘मावशी, इतकी वर्षे वेदीची वस्त्रे धुता, आणि लोकर कढत पाण्यात घालू नये एवढेही कळू नये?’ असे आम्ही मोठ्याने म्हणालो. गायनाच्या सरावास आलेली मुले दारात उभी होती, त्यांनी ते ऐकले. मावशींनी मान वर केली नाही. ‘सावलीत वाळू दे, मग बघू,’ एवढेच त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी वेदीसेवा करणारा आमचा एक मुलगा ओटीवर येऊन उभा राहिला. ‘फादर, टोपी मी कढत पाण्यात घातली होती. तुम्ही याल तेव्हा स्वच्छ दिसावी म्हणून. मावशींनी ती बाहेर काढली.’ आम्ही विचारले, ‘मग मावशी त्या दिवशी बोलल्या का नाहीत?’ तो म्हणाला, ‘त्या म्हणाल्या, मी सांगणार नाही, तुझे तू सांग.’

वाचकहो, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. मैदानावर पंचाची दृष्टी आड झाली तर तो सहपंचाकडे वळतो आणि ‘तुम्हांस काय दिसले?’ असे विचारतो. त्यात त्याला कमीपणा नसतो. न पाहता निर्णय देणे हाच कमीपणा. हे आम्ही मुलींना शेकडो वेळा शिकविले होते. घरात मात्र आम्ही काही पाहिले नव्हते आणि कोणास काही विचारलेही नव्हते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! एखाद्याचे म्हणणे ऐकल्यावाचून आपले नियमशास्त्र त्यास दोषी ठरविते काय, असा प्रश्न निकोदेमसाने परूश्यांना केल्याचे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. त्यावर प्रवचन देणारे आम्ही, आणि त्या सायंकाळी परूश्यांच्या रांगेत उभे राहिलेलेही आम्हीच.

चारचौघांत दिलेला चुकीचा निर्णय चारचौघांतच मागे घ्यावा लागतो. पुढील शनिवारी गायनाच्या वेळी, त्याच मुलांसमोर, आम्ही मावशींची क्षमा मागितली. त्या संकोचल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘झालं ते झालं, फादर. पण आता टोपी धुवायला शिका.’

आणि आम्ही शिकलो. त्यांनी जे सांगितले ते येथे देतो. ज्यांची मुले कोणताही मैदानी खेळ खेळतात त्यांना ते उपयोगी पडेल.

चिखल ओला असता चोळू नये. त्याने मातीचे कण विणीत अधिक खोल जातात. तो वाळू द्यावा, ब्रशाने झाडावा आणि मगच कपडा पाण्यात घालावा. आमच्याकडील तांबड्या मातीला हे विशेष लागू आहे. रक्ताचा डाग पडला तर लगेच थंड पाणी. गरम पाण्याने तो पक्का बसतो. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता आणि घासणी मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटतो. तो पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून लोकरीच्या टोपीस रात्रभर भिजविलेल्या रिठ्याचे गाळलेले थंड पाणी उत्तम. आतील पट्टीवर घामाच्या क्षाराची पांढरी वर्तुळे उमटतात, ती जुन्या मऊ दातब्रशाने काढावीत. झापडीत पुठ्ठा असेल तर ती बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. टोपी पिळू नये. पंचात दाबून पाणी टिपावे आणि डोक्याएवढ्या पालथ्या भांड्यावर बसवून सावलीत वाळवावी.

शर्ट आजकाल पॉलिएस्टरचे असतात. ते उलटे करून थंड पाण्यात साध्या साबणाने धुवावेत. ब्लीच वापरू नये. रंग ठिकठिकाणी उडतो आणि घामाचे डाग उलट अधिक पिवळे दिसू लागतात. कपडे मऊ करणारे द्रव्यही नको, त्याने कापड घाम शोषीनासे होते. इस्त्री मंद असावी आणि मध्ये ओलसर फडके ठेवावे. मुखवट्याच्या गाद्या काढून साबणाच्या पाण्याने पुसाव्यात व वाऱ्यावर ठेवाव्यात. चामड्याच्या असतील तर कडक उन्हात नकोत, त्यांना तडे जातात. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, ओला गणवेश पिशवीत एक रात्रही राहू देऊ नये. पावसाळ्यात त्यास बुरशी धरते आणि तो वास लवकर जात नाही. हा शेवटचा दोष निखालस आमचा होता. टोपी पडवीत टाकून न जाता आम्ही तेथेच पाच मिनिटे दिली असती, तर पुढचे काहीच घडते ना.

ती आटलेली टोपी आमच्या डोक्यास पुन्हा बसली नाही. ती त्या मुलास बरोबर बसली, म्हणून आम्ही ती त्यालाच दिली. पुढे तो सामन्यांत गुण लिहावयास बसू लागला, तेव्हा ती घालून येई. धुवावयाचीही स्वतःच, रिठ्याच्या पाण्याने, आणि तेव्हा मावशी जवळ उभ्या राहून पाहत. आता त्याचे डोके मोठे झाले आहे आणि टोपी त्याच्या धाकट्या भावाकडे गेली आहे.

घरोघरी आईबाप हे पंचच असतात. भांडे फुटले, दूध उतू गेले, पैसे कमी भरले, की निर्णय जिभेवर तयार असतो. अशा वेळी घरात दुसऱ्या कोणी काही पाहिले आहे काय, एवढे विचारावे. आणि चूक आपली निघाली, तर ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच ती कबूल करावी. लेकरांपुढे असे करणे प्रथम जड जाते. आमचा अनुभव असा की पुढे त्यांचा आपल्यावरील विश्वास वाढतो.

असो. उद्या सामना आहे. शर्ट दोरीवर आहे आणि पश्चिमेकडे आभाळ भरून आले आहे. तो आत घेण्यासाठी आता मावशींना हाक मारावयाची नाही, आम्हांसच उठले पाहिजे.