आडात आणि पोहऱ्यात

जीपची पेट्रोलची टाकी मागे गेली तर ड्रायव्हरच्या सीटखालची जागा मोकळी होईल. तिचं काय करायचं, हे मला ठरवता येत नाही. मिस्त्री म्हणतात, जॅक आणि पाने ठेवा. सूचना रास्त आहे. पण विलीजवाल्यांनी ही गाडी आखली तेव्हा चालवणारा आणि पेट्रोल यांना एकमेकांवर बसवलं होतं. लढाईतल्या जीपमध्ये तर पेट्रोल भरायचं म्हणजे ड्रायव्हरने उठायचं, गादी उचलायची आणि मग टाकीचं झाकण उघडायचं. पुढे नागरी गाड्यांमध्ये टाकीचं तोंड बाहेर आलं, टाकी मात्र जागची हलली नाही. आमची महिंद्राची सीजे थ्री बी त्याच घराण्यातली, उंच बॉनेटची. हिच्या इंजिनाचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बॉनेटलाही उंच व्हावं लागलं. म्हणजे आतला भाग बदलला की बाहेरच्याने जुळवून घ्यायचं, हे या गाडीला नवं नाही.

नवी टाकी प्लास्टिकची आहे, बऱ्याच अलीकडच्या गाडीची. चॅसीच्या दोन पट्ट्यांमध्ये ती बसते. टाकी आवळायचे पट्टे आणि ब्रॅकेट तेवढे नवे करावे लागतील. तिच्यात पंप आतच बसवायची सोय आहे, कारण इंजेक्शनच्या इंजिनाला तीन बारच्या आसपास दाब लागतो. आमच्या कार्ब्युरेटरला त्याचा दहावा हिस्सा पुरतो आणि तेवढं काम इंजिनाच्या बगलेतला जुना पडद्याचा पंप करतो. तेव्हा टाकीवरचं पंपाचं भोक पत्र्याने बंद करायचं, पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून लांबून पुढे आणायची. हे सगळं होण्यासारखं आहे.

माझं मन अडकलंय ते आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, या म्हणीत. आमच्याकडे ती परीक्षेच्या निकालानंतर ऐकवली जायची. आता रोज ती कार्ब्युरेटरपाशी आठवते. फिल्टर बदलला, जेट फुंकली, बाऊल धुतला, तरी तळाला तांबूस भुकटी येतेच. म्हणजे आम्ही पोहराच घासत बसलो होतो. पण म्हण फक्त नसण्याबद्दल बोलते. आडात जे असू नये ते असेल तर काय, याबद्दल ती गप्प आहे. आणि आडात येतं कुठून, हे तर तिने विचारलेलंच नाही.

आमच्या वाड्यात आड होता. वैशाखात त्याचा गाळ काढायचे. आधी दोराने पेटता कंदील खाली सोडायचे. तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. टाकीचं याच्या उलट आहे. तिच्याजवळ ज्योत न्यायचीच नाही, आणि भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त घातकी, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. जुनी टाकी झाळायला दिली तेव्हा कारागिराने ती आधी पाण्याने काठोकाठ भरून घेतली, ते याचसाठी. आडातून गाळाचे काळे पोहरे वर यायचे, मग गढूळ, मग एकदम निवळ पाणी. ते पहिलं निवळ पाणी देवाला जायचं. पुढे पाणी मचूळ व्हायला लागलं. दरवर्षी गाळ काढूनही मचूळच. गाळाचा दोष नव्हताच. वारणेकाठी, कृष्णाकाठी उसाला पाटाने भरमसाट पाणी दिलं गेलं, निचरा झाला नाही, जमिनी फुगल्या, खारवटल्या. तेच पाणी झिरपत आमच्या आडापर्यंत आलं असणार, असं मला वाटतं.

आणि पेट्रोलमध्येही आता तोच ऊस आहे. २०३० पर्यंत वीस टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं होतं, ती मुदत अलीकडे ओढून २०२५ वर आणली. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन वेगळं होतं आणि तळाला बसतं, नेमकं नळीच्या तोंडाशी. जुन्या रबराला ते फुगवतं, वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवून पुढे ढकलतं. पण म्हणून आमच्या टाकीचा तळ त्यानेच खाल्ला, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. गाडी पावसाळेच्या पावसाळे अर्ध्या टाकीवर उभी राहिलेली आहे. दमट हवा आत जातच होती. इथेनॉल नव्हतं तेव्हाही पत्र्याच्या टाक्या गंजत होत्याच. शिवाय ज्या उसाने आड नासवला त्याच उसाच्या बिलावर आमची शिक्षणं झाली, ही जीप घरात आली. आजही कारखान्याने इथेनॉल विकलं की बिल लवकर निघेल अशी आशा घरोघरी असते, आमच्याही. त्याच्याविरुद्ध बोलायला माझी जीभ उचलत नाही, आणि आडाचं ते पाणी विसरताही येत नाही.

राहिला पेट्रोलचा काटा. नव्या टाकीतल्या फ्लोटचा विद्युतरोध वेगळा. जुन्या काट्याला तो जोडला की भरलेली टाकी रिकामी दिसू शकते. मिस्त्रींच्या मते काटाही बदलावा. जुनी टाकी सीटखाली होती तेव्हा मी काट्याकडे क्वचित पाहिलं असेल. वळणावर खालून येणाऱ्या डचमळीवरून कळायचं किती उरलंय ते. आता ते सगळं माझ्या पाठीमागे जाणार आणि मला काट्यावर विश्वास ठेवावा लागणार.

प्लास्टिक गंजणार नाही, हे खरं. पण पाणी तर तळाला बसणारच. आजवर काहीतरी बिनसलंय हे तांबूस भुकटीवरून समजत होतं. उद्या तेच पाणी कसलाही रंग न घेता बाऊलपर्यंत येईल, आणि काचेच्या फिल्टरमध्ये मला सगळं निवळ दिसेल. मग टाकी बदलून मी नेमकं काय थांबवणार आहे? ब्रॅकेटचं माप दिलेलं आहे. ते परत मागवावं की काय, असं आज दिवसभर वाटतंय.